उजवं दार

१

माझे यजमान अंबय्या सुलट लिहितात त्यापेक्षा उलटं जास्त झरझर लिहितात. सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका चादरींच्या कारखान्यात ते नक्षीमास्तर आहेत. चौकटीच्या कागदावर मोर, कमळ, कधी गिऱ्हाईकाचं नाव काढायचं आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, हे त्यांचं काम. पट्ट्या मागावर चढल्या की कुठला धागा उचलायचा ते ती भोकं सांगतात. मागावर कापडाचं तोंड खाली असतं, विणणाऱ्याला दिसते ती पाठ. म्हणून नक्षीमास्तर सगळं उलटं काढतो, नाव तर शेवटच्या अक्षरापासून. इतक्या वर्षांत यांचा हात असा वळला आहे की पाटीवर 'श्री' काढला तरी मी आधी डोकावून बघते.

दुसऱ्यांचे नवरे संध्याकाळी पत्ते कुटतात, आमचे हेलिकॉप्टर करतात. चहा झाला की फळीवरून पाट काढायचा, त्यावर कारखान्यातल्या बाद पट्ट्या मांडायच्या, कापून एकावर एक सरसानं चिकटवायच्या, आणि वाळल्या की पॉलिश पेपरनं घासत बसायचं. खिडक्यांना दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म, धुऊन पारदर्शक केलेल्या. चाकांना सदऱ्याची बटणं. मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते, त्यामुळे प्रमाणाचं काम माझ्याकडे. कागदावरचं एक घर म्हणजे खऱ्यातली चार बोटं, हा हिशोब मीच बसवून दिला. सरस तापवायचं कामही माझंच, कारण ह्यांच्या हातून तो दर वेळी करपायचा आणि घरभर वास सुटायचा.

हे वेड लावलं माझ्या धाकट्या दिरानं, मल्लेशमनं. तो हवाई दलात मेकॅनिक होता, हेलिकॉप्टरांच्या युनिटमध्ये, पार ईशान्येकडच्या डोंगरांत. सुट्टीवर आला की अन्नाच्या, म्हणजे थोरल्या भावाच्या, मांडीला मांडी लावून बसायचा. एकाच मशीनची किती रूपं असतात ते त्यानंच शिकवलं. चेतक नावाचं हेलिकॉप्टर घ्या. आतली बाकं काढून स्ट्रेचर बसवले की जखमींचं, बाहेरून दोन लांब नळ्या लावल्या की उसावर फवारणीचं, सगळं काढून मऊ खुर्च्या टाकल्या की साहेब लोकांचं. "म्हणजे नक्षी तीच, फक्त रंग बदलायचा," हे म्हणायचे. रशियन मोठ्या पोटाचं एक, काचेच्या बुडबुड्यासारख्या तोंडाचं एक, आणि चेतकची ही सगळी सोंगं आमच्या फळीवर ओळीनं उभी असायची. फळीच्या समोरच्या भिंतीला आरशाचं लोखंडी कपाट होतं, त्यामुळे खोलीत शिरलं की दुप्पट हेलिकॉप्टरं दिसायची.

२

पंचाहत्तरच्या दिवाळीत मल्लेशम आला तेव्हा दोघांनी मिळून त्याचं स्वतःचं मशीन करायला घेतलं. ज्याची निगा तो ठेवायचा, ज्यातून तो डोंगरात जायचा, तेच. त्यानं वरून दिसणारा आराखडा काढून दिला. ह्यांनी तो चौकटीच्या कागदावर उतरवला आणि कामाला लागले. हातभर लांब झालं. मागच्या दोन दारांपैकी एक नुसतं रेखलं, दुसरं खरोखर सरकावं म्हणून सायकलच्या तारांचे रूळ बसवले. ते दार पहिल्यांदा सरकलं तेव्हा दोघं भाऊ पोरांसारखे हसले. शेपटीवरचा नंबर मल्लेशमनं स्वतः रंगवला.

जायच्या आदल्या दिवशी हे कारखान्यात होते, अत्तम्मा म्हणजे सासूबाई शेंगाचटणी कुटत होत्या. मल्लेशमनं मला आत बोलावलं. वहिनीला आमच्या भाषेत वदिना म्हणतात.

"वदिना, एक गंमत दाखवतो. पण अन्नाला सांगायचं नाही."

"काय केलंस आता?"

"मी नाही, अन्नानं केलंय. आरशात बघा."

मी कपाटाच्या आरशात बघितलं. त्यात मला तेच हेलिकॉप्टर दिसलं.

"आरशात दिसतंय ना, ते माझं मशीन," तो म्हणाला. "फळीवरचं उलटं आहे. अन्नानं कागद पालथा धरून केलंय, चादरीसारखं. शेपटीचा पंखा ह्या बाजूला हवा तो त्या बाजूला. आतला दांडा, पेट्रोलचं तोंड, सगळं डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं."

मला हसू आवरेना. "मग सांग की त्यांना."

"नको हो. सांगितलं तर सगळं मोडून पुन्हा करत बसेल. इतकं छान झालंय. नंबर तेवढा मी सुलट काढला, म्हणजे कुणाला कळायचं नाही."

असा होता तो. दुसऱ्याची चूक झाकताना स्वतःच ओशाळायचा. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा त्यानं खिडकीतून माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि मी मान हलवली. त्यानंतर त्याला बघणं माझ्या नशिबात नव्हतं.

३

पुढच्या जुलैत तार आली. डोंगरात ढगांत शिरलेलं हेलिकॉप्टर परतलं नाही, शोध चालू आहे. मल्लेशम त्यात होता. पावसामुळे शोधणाऱ्यांनाही उडता येत नव्हतं.

घरात सुतक नव्हतं आणि सुतकापेक्षा वाईट होतं. अत्तम्मा ना रडल्या, ना देवापुढे बसल्या. त्यांनी फळीसमोर चटई टाकली आणि त्या मशीनकडे बघत बसून राहिल्या. हे कारखान्यात जात, परत येत, पाट काढत आणि तसाच ठेवून देत. मी शाळेत जायची. फळ्यावर उदाहरण लिहिता लिहिता मधेच थांबायची.

तार आल्यानंतरच्या एका सकाळी मी फळी पुसत होते. मल्लेशमच्या मशीनचं सरकतं दार बोटभर उघडं होतं. मी ते बंद केलं. फडका खाली फिरवला तर लाकूड ओलं लागलं. चाकांच्या खाली, तेवढ्याच जागेत, पाणी होतं.

त्या वर्षी सोलापुरात पाऊस आला कधी नि गेला कधी कळलं नव्हतं. छप्पर पत्र्याचं, पण कोरडं ठणठणीत. बाकीची हेलिकॉप्टरं कोरडी. मी मनाशी म्हटलं, पाल असेल, मांजर असेल, अत्तम्मांच्या हातून तांब्या हिंदकळला असेल. गणित शिकवणाऱ्या बाईला कारणं सुचायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दार पुन्हा बोटभर उघडं होतं.

४

मी अत्तम्मांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी हात लावत नाही. मी बघते फक्त." मग मी फळीवर रांगोळीची भुकटी भुरभुरली. सकाळी भुकटीवर कसलाही ठसा नव्हता, आणि दार उघडं. एकदा मी दारावर बारीक दोरा गुंडाळला. तो तुटलेला सापडला.

भीती मला दाराची वाटली नाही, खरं सांगायचं तर. भीती वाटली ती ते पूर्ण कधीच उघडत नव्हतं त्याची. रूळ साफ होते. मी बोटानं ढकललं की दार शेवटपर्यंत सुर्रकन जायचं. पण सकाळी मात्र बोटभरच. कुणीतरी जीव खाऊन तेवढंच सरकवावं आणि दमून सोडून द्यावं, तसं.

मग नाकाला पोचा आला. पुठ्ठा आतल्या बाजूला दबला होता. ह्यांनी तो भरून काढला, घासला, रंगवला. दोन दिवसांत पुन्हा तिथंच दबला. शेपटी वाकली. ह्यांनी सरळ केली. पोटाखाली हिरवट शेवाळ धरलं. ह्यांनी खरवडून काढलं. ह्यांची कामाची रीतच ती. नक्षीत एक घर चुकलं की ते शेवटपर्यंत दर फेऱ्याला चुकत जातं, म्हणून दिसलं की लगेच दुरुस्त करायचं, का चुकलं ते नंतर बघायचं. मी म्हटलं, "जरा राहू द्या की, बघू काय होतंय." हे म्हणाले, "पुठ्ठा दमट झालाय, गौरा. बघायचं काय त्यात?" पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

अत्तम्मांनी जेवण टाकलं ते ह्याच दिवसांत. दार उघडं दिसलं की त्यांचा चेहरा खुलायचा. "वस्तुन्नाडु," त्या म्हणायच्या. येतोय. आमच्या भाषेत एवढाच शब्द, दिवसभर. मी दार लावलं की त्या माझा हात झिडकारायच्या. भाकरीचा तुकडा समोर धरला तर म्हणायच्या, तो आल्यावर बरोबरच बसू. हाडं दिसायला लागली त्यांची. डॉक्टर म्हणाले, आशा तुटली तरच ह्या जेवतील.

एका रविवारी सकाळी हे उठले आणि म्हणाले, "सरस ठेव."

"कशाला?"

"दार चिकटवून टाकतो. अम्मा मरेल अशानं."

मला त्यात काही चूक दिसली नाही. आजही तो दिवस आठवला की मी चूक शोधते, आणि अत्तम्मांच्या त्या बरगड्या आठवतात. मी सरस तापवला. अत्तम्मांना शेजारणीनं देवळात नेलं होतं. ह्यांनी काडीनं रुळात सरस भरला, दार लावलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "जड लागतंय," आणि लगेच, "सरस घट्ट झाला असेल."

५

आमच्या बोळात दोन्ही बाजूंना यंत्रमाग. दिवसभर खटखट, खटखट. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा डोकं उठायचं, पुढे कानाला ऐकू येईनासं झालं. वीज गेली की मात्र सगळे माग एकदम थांबतात आणि शांतता अंगावर येते.

दार चिकटवल्यानंतर एकदा भरदुपारी वीज गेली. मी चुलीपाशी होते. माग थांबले. एक थांबला नाही.

मला वाटलं कुणाचा तरी हातमाग असेल. पण आवाज बाहेरून येत नव्हता. खटखट, थांबून पुन्हा खटखट, अगदी बारीक, नखानं पुठ्ठ्यावर टिचकी मारावी एवढा. मी खोलीत गेले. अत्तम्मा भिंतीला टेकून झोपल्या होत्या. आवाज फळीवरून येत होता.

मी जवळ गेले. चिकटवलेल्या दाराला एक्स-रे फिल्मची लहानशी खिडकी आहे. ती वाफेनं धुरकटली होती. मी पदरानं पुसली. पुसली गेली नाही. वाफ आतून होती. मी मनात म्हटलं, ओला सरस वाळतोय, त्याची वाफ. असंच असणार. आणि मी तसं म्हणत असतानाच त्या धुरकट काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढी जागा स्वच्छ झाली. वाफेनं पुन्हा भरली. पुन्हा स्वच्छ झाली. आतून कुणी पुसत होतं. त्या दाण्याएवढ्या जागेतून काहीतरी माझ्याकडे वळलं, फिकट, आणि मी चेहरा म्हणायच्या आत वीज आली.

माग धडधडून सुरू झाले. त्या आवाजात काय ऐकू येणार? हे आल्यावर मी सांगितलं. हे फळीपाशी गेले, खिडकीला डोळा लावला. त्यांना काही दिसलं नाही. म्हणाले, "तुला झोप नाही, गौरा." माझी खरंच झोप उडाली होती, म्हणून मी गप्प बसले. दार उघडा, असं मी म्हणाले नाही. कशासाठी उघडा म्हणणार होते? पुठ्ठ्याचं हेलिकॉप्टर आहे ते, असं मीच रोज स्वतःला सांगत होते.

पुढे वीज गेली की मी कान द्यायची. टिचक्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग एकदा वीज गेली आणि काहीच आलं नाही. फळी कोरडी झाली. शेवाळ वाळून पडलं, काच निवळली. अत्तम्मांनी एके सकाळी आपणहून ताक मागितलं आणि भाकरी कुस्करून खाल्ली. ह्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, बघ, म्हणून. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला अजून सोसत नाही.

६

डिसेंबरात दुसरी तार आली. सापडलं, कोणी जिवंत नाही. संक्रांतीनंतर मल्लेशमच्या युनिटमधला एक जण त्याची ट्रंक आणि लाल फडक्यात बांधलेला अस्थींचा कलश घेऊन घरी आला. महिपती नाव, गाव जेऊर. सुट्टीवर गावाकडे निघाला होता, म्हणून हे काम त्यानं मागून घेतलं होतं. अत्तम्मांनी कलश मांडीवर घेतला आणि त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. बाहेर आम्ही दोघं आणि तो.

"चालत गेलेल्या तुकडीत मी हुतो, वैनी," तो चहाच्या कपाकडे बघत म्हणाला. "पायलट साहेब जागीच गेलं. म्होरचा भाग पार चेपल्याला. शेपूट वाकडं. पर मागचा डबा धड हुता."

"आणि मल्लेशम?" ह्यांनी विचारलं.

महिपतीनं कप खाली ठेवला. "सांगू का नको, असं झालंय बगा. पर तुमी घरची मान्सं. मल्लेशम खुर्चीत न्हवता. पट्टा त्यानं सोताच्या हातानं सोडला हुता. दाराला टेकून बसला हुता. डाक्टर म्हनलं, लई दिस जगला आसंल."

बाहेर माग चालूच होते.

"दार का नाही उघडलं त्यानं?" हे विचारत होते. आवाज अगदी खालचा.

"त्येच तर कळंना की. डाव्या अंगाला कडा, तितलं दार कड्याला भिडल्यालं. बाहीर पडायला उजवं दारच हुतं. दाराला पोचा न्हाय, रूळ सरळ. सुरवातीला उगडत बी आसंल, कारन रुळात बोटभर शेवाळ घासल्यालं हुतं. मागनं बसलं ते बसलंच. आमी चौगं लागलो तरी हललं न्हाय. कुऱ्हाडीनं फोडावं लागलं."

"उजवं?" हे एकदम म्हणाले. "नक्की उजवं?"

"व्हय दादा, उजवंच. मी सोता फोडलंय."

हे उठले. महिपतीला बोळाच्या तोंडापर्यंत सोडून आले, दार लावलं, आणि खोलीत येऊन फळीसमोर उभे राहिले. मग भिंतीला कपाळ लावून हमसून हमसून रडायला लागले. लग्नापासून मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

"गौरा, उजवं होतं ते! ऐकलंस ना? मी चिकटवलं ते डावं. हे बघ, हे डावं!"

तोवर मला वाटत होतं की ही धास्ती माझ्या एकटीची आहे. त्यांनाही ती पहिल्या दिवसापासून होती. अंगठ्याला जड लागलं तेव्हापासून. किती महिने हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता आणि एक शब्द बोलला नव्हता.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मान वळवली तर पाठीमागे कपाटाचा आरसा दिसत होता. आरशात मल्लेशमचं मशीन उभं होतं. त्यानं मला दाखवलं होतं तसं, शेपटीचा पंखा जिथं हवा तिथं, नंबर सोडला तर सगळं जागच्या जागी. आणि रुळात सरस वाळलेलं दार उजवीकडे होतं.

"ऐकलंस ना तू?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"ऐकलं," मी म्हणाले. "उजवंच म्हणाला तो."

७

अत्तम्मा त्याच उन्हाळ्यात गेल्या. हे त्यानंतर नवं हेलिकॉप्टर करायला बसले नाहीत, पण जुनी फळीवर आहेत. झोप त्यांना चांगली लागते. कुणी पाहुणा आला की मल्लेशमचं मशीन हातात घेऊन दाखवतात. म्हणतात, "ह्यात एक चूक नाही. माझ्या भावानं स्वतः तपासलंय. चूक असती तर बोलला असता." पाहुणा माझ्याकडे बघतो, आणि मी मान हलवते.

सरसाचं एक आहे. गरम पाण्याचा बोळा धरला की तो सुटतो. लहान पोराला कळावं इतकं सोपं आहे, आणि मला ते तेव्हाही माहीत होतं.

हे कारखान्यात असताना कधी दुपारी वीज जाते. बोळातले माग एकदम थांबतात. हातातलं काम टाकून मी त्या खोलीत जाते आणि फळीला कान लावते. आता काहीच ऐकू येत नाही. तरी वीज येईपर्यंत मी तिथंच उभी राहते.